कॉलनीचे नियम आणि आपल्या गटाची वही



आपल्या प्रत्येक गटाकडे नियमांची एक वही असते. महिन्याची बचत किती, कर्जावर व्याज किती, सभेला न आल्यास दंड किती, असं सगळं तिच्या पहिल्या पानांवर लिहिलेलं असतं. गट सुरू झाला त्या दिवशी सगळ्या जणी सह्या करतात, कुणी अंगठा उठवते, आणि वही पेटीत जाते. आठ-दहा वर्षं जातात. जुन्या बायका सोडून जातात, सासूच्या जागी सून येते, नव्या मुली येतात. त्यांनी तो नियम केलेला नसतो, बऱ्याचदा वाचलेलाही नसतो. दंड मात्र त्यांनाही लागतो.

आज मी नियमांच्या अशाच एका वहीचा इतिहास सांगणार आहे. ही वही अमेरिकेतली आहे. तिथं गटाच्या जागी घरमालकांची संघटना आहे, आणि नियम मोडला तर दहा-वीस रुपये दंड भरून सुटका नव्हती. राहत्या घरातून बाहेर काढलं जाई.

आधी ही संघटना म्हणजे काय ते समजून घेऊ. अमेरिकेत एखादी कंपनी मोठी जमीन घेते, तिचे प्लॉट पाडते, रस्ते करते आणि घरं बांधून विकते. त्या वस्तीतले सगळे घरमालक मिळून एक संघटना होते. घर घेतलं की सभासद व्हावंच लागतं, त्यात मर्जीचा प्रश्न नाही. संघटना दर महिन्याला किंवा वर्षाला वर्गणी घेते, रस्ते आणि बागा राखते आणि नियम चालवते. आपल्याकडे शहरात सोसायटी असते, तिची ही लांबची बहीण म्हणा.

या संघटनेचे कागद मुख्यतः दोन. पहिला म्हणजे जमिनीला बांधलेला करार. त्यात घराचं, जमिनीचं काय करायचं आणि काय करायचं नाही ते असतं. आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो ना, त्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो. जमीन विकली तरी बोजा जमिनीबरोबर जातो. तसाच हा करार. मालक बदलला तरी तो घराला चिकटून राहतो. दुसरा कागद म्हणजे उपविधी. सभा कधी घ्यायची, किती जण हजर असले तर सभा खरी, मत कुणी द्यायचं, अध्यक्ष किती वर्षं राहणार, हे त्यात असतं. उपविधी बदलणं त्यातल्या त्यात सोपं. जमिनीला बांधलेला करार बदलायचा तर बऱ्याच ठिकाणी दोन-तृतीयांश किंवा तीन-चतुर्थांश मालकांची संमती लागते, आणि तो बदल सरकारी दप्तरात पुन्हा नोंदवावा लागतो.

एवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतली गुलामी कायद्यानं संपलेली होती, पण गोऱ्या लोकांच्या शेजारी कृष्णवर्णीय माणसानं घर घ्यावं हे पुष्कळांना नको होतं. काही शहरांनी तसे कायदेच केले: या गल्लीत गोरे, त्या गल्लीत काळे. १९१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं लुईव्हिल शहराचा असा कायदा रद्द केला. शहराला असा भेद करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

मग लोकांनी दुसरी वाट काढली. शहराला जमत नाही तर आपण आपसात करार करू. शेजारी-शेजारी बसून कागदावर सह्या करायच्या, की आपल्यापैकी कुणीही आपलं घर कृष्णवर्णीय माणसाला विकणार नाही किंवा भाड्यानं देणार नाही. असे करार आधीही होत होते, पण आता ते फार वाढले. १९२६ साली वॉशिंग्टन शहरातला असा एक करार सर्वोच्च न्यायालयापुढं आला. हा खाजगी लोकांचा आपसातला व्यवहार आहे, राज्यघटना त्याच्या आड येत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. त्यानंतर तर अशा करारांना मोकळं रान मिळालं.

कॅन्सस सिटी नावाच्या शहरात जे. सी. निकोल्स हा मोठा बिल्डर होता. त्यानं आपल्या वस्त्यांच्या करारात एक युक्ती केली. कराराला मुदत असायची, पण ती संपली की करार आपोआप पुढं चालू. थांबवायचा असेल तर मालकांनी मुदतीच्या बरीच वर्षं आधी एकत्र येऊन तसं लिहून द्यायचं. आता तुम्हीच सांगा, वीस-पंचवीस वर्षांनी संपणाऱ्या कराराची आठवण मुदतीच्या काही वर्षं आधी कुणाला राहणार? नियम टिकवायला कुणी काही करायची गरजच नव्हती. तो मोडायचा असेल तरच सगळ्यांनी उठायचं.

सरकारनंही यात हात दिला. १९३४ साली घरकर्जाला हमी देणारं एक सरकारी खातं निघालं. त्याच्या हमीमुळं लाखो कुटुंबांना कमी व्याजानं, लांब मुदतीचं कर्ज मिळालं. पण घराची पत ठरवायची त्या खात्याची जी पुस्तिका होती, तिच्यात वस्तीला असा करार असणं चांगलं समजलं होतं. म्हणजे बिल्डरनं कृष्णवर्णीयांना बंदी घातली तर कर्जाची वाट सोपी. बचत गटात काम केलेल्या बाईला हे समजावून सांगायला नको. ज्याला स्वस्त कर्ज मिळतं त्याचं घर होतं, घर असलं की त्यावर पुढचं कर्ज मिळतं, आणि मुलांना काहीतरी मागं उरतं. ज्याला ते नाकारलं त्याची पुढची पिढीही भाड्याच्या खोलीत राहते.

आता एका कुटुंबाकडे वळू.

सेंट लुईस शहरात लबाडी ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. नाव ऐकून हसू नका, उच्चार तसाच आहे. १६ फेब्रुवारी १९११ रोजी तिथल्या घरमालकांनी एक करार केला. पुढची ५० वर्षं या घरांत ‘निग्रो किंवा मंगोलियन वंशाच्या’ माणसांना राहू द्यायचं नाही. निग्रो म्हणजे कृष्णवर्णीय, आणि मंगोलियन म्हणजे चिनी, जपानी वगैरे. त्या भागात ३९ मालक होते, त्यातल्या ३० जणांनी सह्या केल्या. ९ जणांच्या सह्या नव्हत्या. आणखी एक गोष्ट अशी, की त्याच भागातल्या एका घरात कृष्णवर्णीय कुटुंब १८८२ पासून राहत होतं. म्हणजे करार होण्याच्या सुमारे ३० वर्षं आधीपासून ती माणसं तिथली शेजारी होती, आणि त्यांना वगळून बाकीच्यांनी कागद केला.

१९४५ साली, म्हणजे ३४ वर्षांनी, जे. डी. शेली आणि त्यांची बायको एथेल ली शेली यांनी त्या रस्त्यावरचं एक घर विकत घेतलं. हे कुटुंब मिसिसिपी राज्यातून पोटासाठी सेंट लुईसला आलेलं, पदरात सहा मुलं. कृष्णवर्णीयांसाठी जे मोजके मोहल्ले उरले होते तिथं दाटीवाटी फार, म्हणून त्यांनी पैसे साठवून घर पाहिलं. ११ ऑगस्टला खरेदीखत झालं. घरावर असा जुना करार आहे हे त्यांना खरेदीच्या वेळी माहीत नव्हतं, हे पुढं न्यायालयानंही मान्य केलं. ९ ऑक्टोबरला क्रेमर नावाच्या गोऱ्या जोडप्यानं दावा लावला. क्रेमर यांचं घर त्याच कराराखाली येत होतं. त्यांचं म्हणणं असं, की शेलींना घराचा ताबा घेऊ देऊ नये आणि खरेदी रद्द करावी.

खालच्या न्यायालयात शेली जिंकले. कारण ऐकण्यासारखं आहे. न्यायालय म्हणालं, सगळ्या मालकांनी सह्या केल्या तरच हा करार लागू व्हावा असा करणाऱ्यांचा इरादा होता, आणि सगळ्यांच्या सह्या झालेल्या नाहीत, म्हणून करार पुराच झाला नाही. म्हणजे ३० सह्यांनी केलेल्या कामाला त्या ९ नसलेल्या सह्या आडव्या आल्या. पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल फिरवला आणि करार खरा धरला.

मग प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं डेट्रॉइट शहरातल्या मॅक्गी कुटुंबाचं असंच प्रकरणही बरोबर चाललं. त्यात थर्गुड मार्शल वकील होते. हेच पुढं त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. नऊपैकी तीन न्यायाधीश या खटल्यातून बाजूला राहिले. उरलेल्या सहा जणांनी ३ मे १९४८ रोजी एकमतानं निकाल दिला, आणि शेली कुटुंबाचं घर वाचलं.

निकाल काय होता ते नीट ऐका. असा करार करणं हाच गुन्हा, असं न्यायालय म्हणालं नाही. लोक आपल्या मर्जीनं तो पाळत असतील तर न्यायालय त्यात पडणार नाही. पण तो पाळायला लावा म्हणून कुणी न्यायालयाकडे आलं, तर न्यायालय मदत करणार नाही. कारण न्यायालय म्हणजे सरकारच, आणि सरकारनं असा भेद करायचा नाही असं घटना सांगते. थोडक्यात, कागद राहिला पण त्याचे दात गेले.

दात गेले तरी लोक चावायच्या नव्या तऱ्हा शोधत होते. लॉस एंजेलिसमध्ये लिओला जॅक्सन या गोऱ्या बाईनं आपलं घर करार मोडून कृष्णवर्णीयांना राहायला दिलं. शेजाऱ्यांनी नव्या माणसांना हात लावला नाही, जॅक्सनबाईंवरच नुकसानभरपाईचा दावा लावला. ही बाई हरली असती तर पुढं एकाही गोऱ्या मालकाची घर विकायची हिंमत झाली नसती. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयानं तोही रस्ता बंद केला. तोवर कर्जाची हमी देणाऱ्या सरकारी खात्यानंही, १९५० पासून, असे नवे करार नोंदलेल्या घरांना हमी द्यायचं थांबवलं होतं.

शेवटी १९६८ च्या एप्रिल महिन्यात घरं विकताना आणि भाड्यानं देताना भेदभाव करायला कायद्यानं बंदी आली. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला हत्या झाली आणि ११ तारखेला कायद्यावर सही झाली. त्या कायद्यात वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यांची नावं होती. ‘स्त्री’ हा शब्द नव्हता. बाई आहे म्हणून घर किंवा घरकर्ज नाकारलं तर हा कायदा काहीच म्हणत नव्हता. तो शब्द १९७४ साली घातला गेला. लेकुरवाळ्या कुटुंबांना आणि अपंगांना संरक्षण मिळायला १९८८ उजाडलं. चांगला कायदासुद्धा एका बैठकीत पुरा होत नाही. कोण राहून गेलं हे पुन्हा पुन्हा पाहावं लागतं.

तुम्ही म्हणाल, झालं, संपलं. पण नाही. कायदा झाला तरी ती जुनी वाक्यं घरांच्या कागदात तशीच होती. आजही अमेरिकेत कुणी घर घेतं, कागद वाचायला बसतं आणि त्यात सापडतं, की या घरात गोऱ्यांशिवाय कुणी राहू नये, नोकर म्हणून राहिलं तर चालेल. घर घेणारी बाई स्वतः कृष्णवर्णीय असते. तो नियम तिला आता बाहेर काढू शकत नाही. पण आपल्याच घराच्या कागदावर आपल्याविरुद्ध लिहिलेलं वाचून सही करायची, हे सोपं नसतं.

मग इतकी वर्षं कुणी ते खोडलं का नाही? अनेकांनी प्रयत्न केले, पण बदलाचा नियमच आडवा आला. सभा बोलवायची, गणपूर्ती व्हायला हवी, दोन-तृतीयांश किंवा तीन-चतुर्थांश मालकांच्या सह्या हव्यात. काही मालक परगावी, काहींनी घर भाड्यानं दिलेलं, काही म्हणणार, आता कोण पाळतंय, मग खर्च कशाला? आपल्या ग्रामसभेत गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते, तसंच तिथंही. वाईट नियम करायला ३० सह्या पुरल्या, आणि तो काढायला माणसं गोळा होईनात.

म्हणून काही राज्यांनी वाट सोपी केली. कॅलिफोर्नियानं २००० सालापासून संघटनांवर बंधनच घातलं, की असा मजकूर कागदात असेल तर कार्यकारी मंडळानं तो काढलाच पाहिजे, त्यासाठी सभासदांच्या मतदानाची गरज नाही. २०२१ साली तिथं आणखी एक कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयानं जुनी दप्तरं तपासून असा मजकूर झाकायचा आहे. मूळ कागद मात्र फाडून टाकत नाहीत, तो जपून ठेवतात. हे मला महत्त्वाचं वाटतं. नियम जायला हवा, पण तो होता याचा पुरावा राहायला हवा. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, असं काही नव्हतंच.

या वाऱ्याची झळ आपल्याही माणसांना लागली. १९१५ साली पेशावरहून वैष्णोदास बगाई, त्यांची बायको कला आणि तीन मुलगे कॅलिफोर्नियात गेले. बर्कली गावात त्यांनी घर घेतलं. सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलपं लावून ठेवलेली. ही माणसं आम्हाला शेजारी नकोत. बगाई कुटुंब तिथं राहिलं नाही. १९२३ च्या एका न्यायालयीन निकालानंतर भारतीयांचं अमेरिकी नागरिकत्व काढून घेतलं गेलं, मालमत्ता गेली, आणि १९२८ साली वैष्णोदासांनी जीव दिला. कलाबाईंनी एकटीनं मुलं वाढवली. आज त्याच बर्कलीत एका रस्त्याला कला बगाई यांचं नाव आहे.

आणि आपल्या गावचं काय? आपल्याकडे असा करार कुणी कागदावर केला नव्हता, त्याची गरजच पडली नाही. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, पाणवठा कुणाचा, वारा कुठून वाहतो आणि म्हणून वस्ती कुठल्या अंगाला, हे सगळं बिनसह्यांचं ठरलेलं होतं. तिकडं शेलींचा निकाल लागला तेव्हा इकडं बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली राज्यघटनेचं काम चालू होतं. घटनेनं अस्पृश्यता संपवली. तरी वस्त्यांची जुनी, जातीवरची नावं सरकारी कागदांवर तशीच चालू राहिली. ती बदलून समता नगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला तो २०२० च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे घटना लागू झाल्यावर ७० वर्षांनी. कागदावरचा शब्द किती चिवट असतो पाहा. आणि नाव बदललं तरी नळाचं पाणी त्या वस्तीत शेवटीच पोचत असेल, तर काम अर्धंच झालं हेही विसरू नका.

आता तुमच्या वहीकडे या. अमेरिकेतल्या त्या संघटनांनी ठेचा खाऊन जे शिकलं, ते आपल्याला फुकट घेता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे वर्षातून एकदा सगळे नियम मोठ्यानं वाचा. जिला वाचता येत नाही तिच्या कानावरही प्रत्येक नियम पडला पाहिजे. प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारा. हा कशासाठी केला होता? ते कारण आज आहे का? आणि याच्यामुळं कोण बाहेर राहतंय? परित्यक्ता, विधवा, ऊसतोडीला सहा महिने गाव सोडून जाणारी बाई, पाड्यावरची किंवा दुसऱ्या वस्तीतली बाई. दर आठवड्याला हजर राहायचा नियम तोडणीला जाणाऱ्या बाईला आपोआप बाहेर काढतो. नियमात तिचं नाव नाही, पण काम तेच करतो.

दुसरी गोष्ट, कुठल्या नियमाला किती सह्या लागतील ते आधी ठरवा. बचतीची रक्कम बदलायला साध्या बहुमतानं चालेल. कुणाला काढून टाकायचं तर जास्त जणींची संमती हवी, आणि तिचं म्हणणं आधी ऐकलंच पाहिजे. पण कुणावर अन्याय करणारा नियम काढायचा असेल तर ते अवघड करून ठेवू नका.

तिसरी गोष्ट, कुठलाही नियम कायमचा लिहू नका. निकोल्सनं केलं त्याच्या उलट करा. तीन वर्षांची मुदत घाला, मुदत संपली की नियम आपोआप बंद. पुन्हा हवा असेल तर पुन्हा ठराव करा, पुन्हा सह्या घ्या.

आणि चौथी, जुना नियम खोडताना त्यावर काट मारा, तारीख घाला, ठराव क्रमांक लिहा. पान फाडू नका. पुढच्या सुनांना कळू द्या, की असा नियम होता आणि आपल्या सासवांनी तो बदलला.

लबाडी ॲव्हेन्यूच्या त्या कागदावर सही न केलेले ९ मालक कोण होते, त्यांनी मनापासून नकार दिला की ते त्या दिवशी घरी नव्हते, हे त्या कागदावरून कळत नाही. पण त्यांची सही नव्हती एवढ्यावर खालच्या न्यायालयात सहा मुलांच्या आईचं घर एकदा वाचलं होतं. म्हणून सांगते, उद्या तुमच्यासमोर कागद आला आणि कुणी म्हणालं, ‘करा हो सही, सगळ्यांनी केलीय,’ तर आधी म्हणा, वाचून दाखवा.

येत्या सभेत वही बाहेर काढा.